काशीनाथच्या दोन रिंगा

सकाळी सातला काशीनाथ धनावडेचा फोन दोनदा वाजायचा आणि गप्प व्हायचा. तो उचलायचा नाही, अशी अटच होती. दोन रिंगा म्हणजे गावाला सरूअक्का उठली, बरी आहे. मग काशीनाथ तिला दोन रिंगा देऊन फोन बंद करायचा. म्हणजे भाईंदरजवळच्या पेणकरपाड्यात, तिसऱ्या मजल्यावर, तोही उठला, तोही बरा आहे. बहीणभावांचं रोजचं बोलणं ते एवढंच, आणि दोन वर्षांत त्यात एका दिवसाचाही खंड पडला नव्हता.

कुणाला वाटेल, पैसे वाचवायची युक्ती. तसं नव्हतं. अक्का काशीनाथहून बारा वर्षांनी मोठी, आणि तिच्या कानांनी केव्हाच दगा दिलेला. फोनवर कुणी बोंब मारली तरी तिला ढिम्म ऐकू येत नसे. पण संगमेश्वरजवळच्या त्या गावात ती फोन कमरेला खोचून हिंडायची, आणि तो थरथरला की तिला कळायचं. काशीनाथची बायको विमलाबाई गेली तेव्हा अक्का तेराव्याला आली होती. परत जाताना दारात थांबून म्हणाली, "आतनं कडी घालून निजतोस. एक दिस उठला न्हाईस तर कुनाला कळनार रं?" तेव्हापासून या रिंगा सुरू झाल्या.

कधी लहर आली की काशीनाथ दोनच्या जागी तीन रिंगा होऊ द्यायचा. तिसरीचा अर्थ, चहा टाकलाय, ये. तीनशे किलोमीटरवरून अक्का काय येणार होती? पण कमरेशी तिसऱ्यांदा थरथरलं की ती चुलीपुढे एकटीच हसायची. हे तिनेच त्याला सांगितलं होतं. तिसऱ्या रिंगेचं गुपित त्या दोघांखेरीज कुणालाच ठाऊक नव्हतं.

बाकी माणसाचं आयुष्य सांगायला फार वेळ लागत नाही. भाईंदरच्या स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात एकतीस वर्षं पॉलिशच्या मशीनवर काढली. ताटं, तांबे, डबे असे चकाकवले की त्यात तोंड दिसावं. त्या घरघरीने त्याचेही कान निम्मे गेले होते. मुलगा सुयोग शिकला, नोकरीसाठी न्यूझीलंडला गेला आणि तिथलाच झाला. बापाला याचा अभिमान होता. राग मात्र कुणावर काढावा, हे त्याला समजत नव्हतं.

दोन हजार आठच्या दिवाळीत सुयोग पंधरा दिवस आला. एकटाच आला, कारण त्याची मुलगी मिनल जेमतेम तीन महिन्यांची होती. येताना फोटोंचा अल्बम, स्वतःचा जुना लॅपटॉप आणि एक नवा भारी फोन घेऊन आला. बापाचं सिमकार्ड त्याने नव्या फोनमध्ये घातलं. "बाबा, नेटची लाइन टाकायची भानगडच नको. ही केबल फोनला लावायची, दुसरं टोक लॅपटॉपला. फोनमधलंच नेट लॅपटॉपला मिळतं. मी ऑनलाइन आलो की मिनलला कॅमेऱ्यावर दाखवतो."

मग त्याने एका कागदावर ओळीने सगळं लिहून तो कपाटाच्या दारावर चिकटवला. आधी केबल. फोन विचारेल, तिथे मोडेम निवडा. लॅपटॉपवर स्टार नव्याण्णव हॅश डायल करा. हिरवी खूण आली की झालं. आणि शेवटी, खाली दोन रेघा मारून: चालू असताना फोनला हात लावू नका, कनेक्शन तुटतं.

ही शेवटची ओळ काशीनाथला सगळ्यात आधी पटली. चालू मशीनला हात लावायचा नाही, हे तो एकतीस वर्षं पाळत आला होता. एका सोबत्याची दोन बोटं गेलेली त्याने डोळ्यांनी पाहिली होती. त्याने फोन खिडकीत, जिथे रेंज चांगली येई तिथे, उलट्या डब्यावर ठेवला. केबल पसरली, आणि देवाजवळच्या समईसारखं त्याला सांभाळू लागला.

सुयोग गेला. घर पुन्हा पहिल्यासारखं झालं, म्हणजे बोलायला कुणी नाही आणि आमटी उरायची. अल्बम काशीनाथने इतक्यांदा पाहिला की पानं सुटी झाली. पण फोटोतलं पोर हलत नाही. त्याला नातीला हलताना बघायचं होतं. एवढीच इच्छा होती, आणि ती काही फार मोठी नव्हती.

रविवारी सकाळी सातच्या सुमाराला सुयोगच्या नावापुढे हिरवा ठिपका आला. "बाबा, मिनल मांडीवर आहे, कॅमेरा लावतो," त्याने लिहिलं. पडद्यावर काळी चौकट उघडली. मग त्यात चौकोन चौकोन भरू लागले, गोधडीला ठिगळं लावावीत तसे. एक गुलाबी चौकोन, बहुतेक झबलं. मग कपाळ. मग भुवया. काशीनाथ पडद्याला नाक लावून बसला. आता डोळे येणार, तेवढ्यात खिडकीतला फोन वाजला. एकदा. दोनदा. चौकोन जागच्या जागी थिजले आणि हिरवी खूण गेली.

"हिला पण आत्ताच सुचायचं होतं!" काशीनाथ मोठ्याने ओरडला. कागद बघत त्याने पुन्हा सगळं जोडलं. दहा मिनिटं गेली. तोवर सुयोगच्या नावापुढचा ठिपका करडा झाला होता. त्या रागात काशीनाथने अक्काला उलट रिंगा दिल्याच नाहीत. नाही दिल्या, तर नाही दिल्या. एक दिवस राहिलं म्हणून काय बिघडतं?

त्याच दुपारी त्याने ठरवलं की आता कनेक्शन तोडायचंच नाही. सुयोगची वेळ वेगळी, काम वेगळं, पोरगं कधी येईल कळत नाही. आपण हजर असलं पाहिजे. सुयोगने दिलेले मोठे हेडफोन त्याने कानांवर चढवले, कारण नाव हिरवं झालं की टिंग आवाज यायचा आणि पंख्याच्या घरघरीत तो त्याला ऐकू येत नव्हता. गुडघे दुखत होते म्हणून तो खालीही उतरला नाही. भात, लोणचं, ताक. जेवणसुद्धा लॅपटॉपसमोर.

सोमवारी सात वाजले, फोन वाजला नाही. अक्का रुसली, असं त्याला वाटलं. मंगळवारीही वाजला नाही. खोटं कशाला सांगा, त्याला जरा बरंच वाटलं. कनेक्शन शाबूत राहिलं ना. बुधवारी मात्र सात वाजता त्याची नजर आपोआप खिडकीकडे गेली आणि बराच वेळ तिथेच राहिली. उठून दोन रिंगा द्याव्यात, असं मनात आलं. पण फोनला हात लावायचा नव्हता. आणि सुयोग आलाच तर? सुयोग बुधवारीही आला नाही. चार दिवस तो माणूस एका करड्या ठिपक्यासमोर बसून होता, आणि या चार दिवसांत त्याच्याशी एक अक्षर कुणी बोललं नव्हतं.

गुरुवारी सकाळी साडेअकराला कानात टिंग वाजलं. ठिपका हिरवा! "बाबा, सॉरी, फार काम होतं. मिनल जागी आहे, बघा." काशीनाथने एका बोटाने कसंबसं टाइप केलं, बसलोय. काळी चौकट उघडली. गुलाबी चौकोन. कपाळ. भुवया. आणि मग, अहो, खरंच, एक डोळा! तो मिटला आणि उघडला. डाव्या कोपऱ्यात एक मूठ वर येऊ लागली.

त्याच वेळी त्याच्या पायाखालची फरशी हादरली. हेडफोन काढले तर दारावर धाडधाड घण पडत होते. त्याने जाऊन दार उघडलं. बाहेर सोसायटीचे सेक्रेटरी गुणवंतभाई, हातात हातोडा घेतलेला वॉचमन, आणि मागे जिन्यावर दोन मजल्यांची माणसं. शेजारच्या पुष्पलताताईंच्या हातात तांब्या होता. तांब्यात पाणी, पाण्यात तुळशीचं पान. काशीनाथने तांब्याकडे पाहिलं आणि ते सगळं कशासाठी आहे, ते त्याला कळलं. चार दिवसांत ज्याची बेल कुणी वाजवली नव्हती, त्याच्या दारात तो मेला म्हटल्यावर मात्र सगळी जमली होती.

"काका, तुमी हाय ना?" पुष्पलताताईंनी विचारलं आणि तांब्या पदराआड केला.

"अरे काका!" गुणवंतभाईंनी कपाळाला हात लावला. "कितनी बेल मारी! दूध की थैली भी बाहर लटक रही है. वॉचमन बोला, इतवार से देखा नहीं. और आपके गाव से सुबह से चार बार फोन, मेरे पर. कोई बबन है."

विमलाबाई गेली तो निरोप गावाला गुणवंतभाईंच्याच फोनवरून गेला होता. तो नंबर अक्काच्या शेजारच्या बबनने जपून ठेवला होता.

"आपका फोन लगता ही नहीं, चार दिन से. कवरेज के बाहर, कवरेज के बाहर." गुणवंतभाईंची नजर आत खिडकीकडे गेली. केबल दिसली. "ये? नेट चालू रखा है? काका, इसमें नेट चलता है तब कभी फोन आके नेट तोड देता है, पर ज्यादातर फोन आता ही नहीं. सामनेवाले को लगता है आदमी ही नहीं है. आपकी बहन ने इतवार से खाना छोडा है. बोलती है, भाई अंदर पडा है, दरवाजा तोडो."

काशीनाथने खिडकीतल्या फोनकडे पाहिलं. अक्का रुसली नव्हती. ती रोज सातला कमरेचा फोन काढून बटण दाबत होती आणि मग तो पुन्हा खोचून, थरथरायची वाट बघत होती. आणि तो इथे फोनपासून चार हातांवर बसून होता. त्याला स्वतःची इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती.

मागे पडद्यावर मूठ अर्धी वर आली होती. हेडफोनमधून बारीक, तुटक आवाज येत होता. बाळ हसत होतं की रडत होतं, कळत नव्हतं. काशीनाथ खिडकीशी गेला. एकदा पडद्याकडे वळून पाहिलं. मग चालू मशीनला हात लावला. केबल उपसली. चौकोन थिजले, मूठ अर्धवटच राहिली.

त्याने अक्काचा नंबर लावला. दोन रिंगा. बंद केला. जिन्यावरची माणसं पांगली, कुणी हसत, कुणी वैतागून. गुणवंतभाई तेवढे थांबले.

उलट दोन रिंगा आल्या नाहीत. आली ती न थांबणारी रिंग. तिसरी, चौथी, पाचवी. अट मोडून काशीनाथने फोन उचलला.

"काशी?" अक्काचा आवाज फाटला होता. बहिरी माणसं बोलतात तशी ती ओरडत होती. "आत्ता थरथरलं ते तूच दिलंस का रं?"

"मीच, अक्का! मीच आहे! चुकलं माझं..."

"तू काय बोलत असशील तर मला ऐकू येत न्हाय. बबन म्हनतो, त्योच असंल. पन मी म्हनते, दार तोडलं आसंल, कुनीतरी मेलेल्याचा फोन घेऊन दाबला आसंल. दोन रिंगा काय, कुनी बी दिल. मला कसं कळावं, तूच हायस म्हनून? सांग ना रं..."

काशीनाथ "अक्का, अक्का" म्हणत राहिला. पलीकडे ती रडत होती आणि त्याचा शब्दही तिच्यापर्यंत पोचत नव्हता. जन्मात पहिल्यांदा त्याला बहिणीशी पोटभर बोलावंसं वाटत होतं, आणि आपण जिवंत आहोत हे तिला सांगायला तिचं बोलणं तोडण्यावाचून इलाज नव्हता.

त्याने तोडलं.

पण नंबर लगेच लावला नाही. आधी ओट्याशी गेला, भांड्यात पाणी घेतलं, गॅस पेटवला, साखर आणि पत्ती टाकली. गुणवंतभाई बघतच राहिले. पाण्याला आधण येईपर्यंत काशीनाथ फोन हातात घेऊन तिथेच उभा होता. मग त्याने अक्काला रिंग दिली. एक, दोन, तीन.