पट्टी धरून वाचणारी बाई

मिस आयोनी ब्रिसेट यांना वाचनाची घाई करायला लावणारा माणूस नॉटिंगहॅममध्ये अजून जन्माला यायचाय. कौन्सिलच्या लोकांनी प्रयत्न केला, वकिलांनी केला, एका पोलीस अधिकाऱ्यानं तर दोनदा घड्याळ बघून दाखवलं. बाई आपल्या चालीनं चालतात. आधी पर्समधून चष्मा निघतो, मग एक साधी प्लास्टिकची पट्टी. ती पट्टी कागदावरच्या पहिल्या ओळीखाली ठेवून बाई वाचू लागतात. मोठ्यानं, एकेक शब्द सुटा करून. ओळ संपली की पट्टी एक ओळ खाली सरकते.

डॉक्टर निवेदितानं ती पट्टी पहिल्यांदा पाहिली तेव्हा ती मनातून वैतागली होती. पुण्याहून इथे येऊन तिला अठ्ठावीस वर्षं झाली. इथल्या हॉस्पिटलात ती भूलतज्ज्ञ आहे, नवरा राजीव हाडांचा डॉक्टर. मुलगी अन्वी ज्या शाळेत शिकली त्याच शाळेत निवेदिता पुढे गव्हर्नर झाली. गव्हर्नर म्हणजे आपला राज्यपाल नव्हे. शाळेच्या कारभारावर देखरेख ठेवणाऱ्या बिनपगारी मंडळाचा सभासद. पण महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत ‘आमच्या निवेदिता गव्हर्नर आहेत’ असं कुणी म्हणालं की ती हा खुलासा जरा उशिरानंच करायची.

मुलाला कायमचं शाळेतून काढायचं ठरलं की इथे हेडटीचरांचा शब्द शेवटचा नसतो. तीन गव्हर्नर बसतात, दोन्ही बाजू ऐकतात आणि मूल राहणार की जाणार ते ठरवतात. फेब्रुवारीतल्या एका गुरुवारी दुपारी निवेदिता त्या तिघांत होती. चेअरमन म्हणजे एक निवृत्त बँक मॅनेजर, आणि तिसरा टॉम नावाचा तरुण फार्मासिस्ट. समोर केझाया, वय वर्षं चौदा, काळी मुलगी, केसांच्या बारीक वेण्या घट्ट मागे बांधलेल्या. शेजारी तिची आई शारीन, वृद्धांच्या केअर होममधली ड्यूटी संपवून तशीच आलेली. आणि आईच्या शेजारी, पालकांच्या बाजूनं बोलायला, अडुसष्ट वर्षांच्या मिस आयोनी.

आरोप असा होता, की सायन्सच्या वर्गात फोन काढून घेतला म्हणून केझायानं टीचरवर खुर्ची फेकली. केझायाचं म्हणणं, मी तिरीमिरीत उठले, ओरडले हे खरं, पण खुर्ची आपोआप मागे पडली. तीन टीचरांचे लेखी जबाब होते. निवेदितानं ते आदल्या दिवशी, दोन ऑपरेशनांच्या मधल्या वेळात, डोळ्यांखालून घातले होते. मिस आयोनींनी पट्टी काढली आणि तिन्ही जबाब पहिल्यापासून वाचायला घेतले.

“मिस ब्रिसेट, आम्ही सगळे पेपर्स वाचलेत,” चेअरमन म्हणाले.

“मग दुसऱ्यांदा ऐकायला सोपं जाईल,” बाई म्हणाल्या आणि वाचत राहिल्या.

दुसऱ्या जबाबाला निवेदितानं कान टवकारले. ‘तिचा आवेश पाहून मला माझ्या सुरक्षिततेची भीती वाटली.’ हे वाक्य पहिल्या जबाबातही होतं. शब्दाला शब्द तेच. तिसऱ्यातही आलं. आणि त्या तिसऱ्या टीचरनं सुरुवातीलाच लिहिलं होतं, की खुर्ची पडल्याचा आवाज ऐकून मी शेजारच्या वर्गातून धावत आले, आणि पुढे, की केझायाला खुर्ची फेकताना मी पाहिलं. खुर्ची पडल्यावर आलेल्या माणसानं ती फेकताना कशी पाहिली?

हॉस्पिटलच्या केसपेपरात अशा तीन नोंदी मिळाल्या असत्या तर निवेदितानं ज्युनिअर डॉक्टरला धारेवर धरलं असतं. कुणीतरी एकानं लिहायचं आणि बाकीच्यांनी उतरवून काढायचं, ही कला तिला चांगली ठाऊक होती. पण इथे ती बोलली नाही. याच हेडटीचरांनी अन्वीला मेडिकलच्या प्रवेशासाठी दोन पानी शिफारसपत्र लिहून दिलं होतं. त्या उपकाराखाली तिची जीभ दबली. शिवाय लहानपणापासून डोक्यात बसलेलं, की शाळेत मास्तर म्हणतील ती पूर्व दिशा. शाळेचा निर्णय कायम ठेवायचा ना, चेअरमननी विचारलं; टॉमनं होकारार्थी मान हलवली, निवेदितानंही हलवली. तीन विरुद्ध शून्य. केझाया शाळेतून गेली.

मिस आयोनींनी पट्टी पर्समध्ये ठेवली. आदळआपट नाही, एक कडू शब्द नाही. निवेदिताला वाटलं, चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

पुढच्या आठवड्यात तिनं रिकव्हरी वॉर्डातल्या सिस्टर पॉलेटला सहज म्हणून विचारलं, या ब्रिसेटबाई कोण? पॉलेट हातातलं काम ठेवून उभी राहिली. तिच्या बोलण्यातून बाईंची सगळी कथा निघाली.

आयोनी नऊ वर्षांची असताना जमैकाहून नॉटिंगहॅमला आली. तिथली तिची बोली इथल्या टीचरला कळेना, म्हणून टीचरनं ठरवलं की पोरीच्या डोक्यातच काही नाही, आणि तिची रवानगी मंदबुद्धी मुलांच्या शाळेत झाली. सात वर्षं तिथे तिनं टोपल्या विणल्या. बाई नीट वाचायला शिकल्या त्या चोविसाव्या वर्षी, शेजारच्या एका म्हातारीकडून, स्वयंपाकघरातल्या टेबलावर, ओळीखाली पट्टी ठेवून. धाकटा भाऊ डेन्झिल तेरा वर्षांचा असताना शाळेतून काढला गेला, रस्त्यावर आला आणि तिथून तुरुंगात. अकरा वर्षं, तो तिथेच वारला तोपर्यंत, बाई महिन्यातून एकदा त्याला भेटायला जात राहिल्या.

पोटासाठी त्यांनी सव्वीस वर्षं एका शाळेत दुपारचं जेवण वाढलं. वाढायच्या खिडकीतून समोर हेडटीचरांच्या खोलीबाहेरचा शिक्षेचा बाक दिसायचा. शाळेत काळी मुलं दहात एक आणि बाकावर बघावं तर दोनातलं एक. भाजी वाढता वाढता त्यांनी हे वर्षानुवर्षं पाहिलं, आणि मग एका चर्चच्या हॉलमध्ये शनिवारची शाळा काढली. गणित, इंग्रजी, आणि मुलांना कुणी इतिहासात शिकवत नाही तो त्यांचा इतिहास. सोबत तळलेल्या खाऱ्या माशाचे वडे, कारण उपाशी पोटी गणित येत नाही असं बाईंचं ठाम मत. शनिवारच्या त्या हॉलमधून आता नर्सेस निघाल्यात, एक वकील निघालाय, आणि पॉलेट स्वतः. पुढे पोलिसांनी रस्त्यात अडवून केलेल्या झडत्यांचे फॉर्म तपासणाऱ्या नागरिकांच्या समितीवरही बाई बसू लागल्या. तिथेही तीच पट्टी. ‘संशयास्पद हालचाल’ म्हणजे नेमकी कुठली हालचाल, हे लिहिल्याशिवाय फॉर्म पुढे सरकत नाही.

“She reads slow because nobody taught her fast,” पॉलेट म्हणाली, “and she catches what the fast ones miss.”

निवेदिताला ते तोंडात मारल्यासारखं झालं.

शारीननं अपील केलं. वरच्या स्वतंत्र पॅनलसमोर मिस आयोनींनी तेच तीन जबाब पुन्हा वाचले, आणि एप्रिलअखेर पत्र आलं: गव्हर्नरांचा निर्णय रद्द. पण त्या पॅनलला मुलीला परत शाळेत घेण्याचा अधिकार नसतो. ते इतकंच म्हणू शकतात, की तुम्ही तिघं पुन्हा बसा आणि नीट विचार करा.

“अगं, रिझाइन कर ना सरळ,” राजीव जेवताना म्हणाला. “हेल्थ रीझन्स दे. कुणी काही विचारणार नाही. उगीच कशाला ऑकवर्ड सिच्युएशनमध्ये जातेस?”

“ऑकवर्ड माझ्यासाठी आहे रे. त्या मुलीची शाळा गेलीय.”

“मग काय करणार आहेस?”

निवेदितानं काय केलं? तिनं बेसनाचे लाडू केले. आपल्याकडे चूक झाली की बोलायच्या आधी डबा पुढे करायची रीत आहे. डब्यानं निम्मं काम होतं आणि उरलेलं न बोलता भागतं. शनिवारी सकाळी ती चर्चच्या हॉलवर जाऊन थडकली. आत तीसेक मुलं वह्यांवर वाकलेली, माशाच्या वड्यांचा वास, आणि कोपऱ्यातल्या टेबलाशी पाढे ऐकत बसलेल्या मिस आयोनी. तिला पाहताच त्या उठल्या, तिला जवळजवळ ढकलतच दाराबाहेर घेऊन आल्या आणि दार मागे ओढून घेतलं.

“मिस आयोनी, त्या दिवशी मला...”

“थांबा, डॉक्टर. एक शब्द बोलू नका.” आवाज मऊ होता, पण शाळेत पाचशे पोरांची रांग सरळ ठेवणारा होता. “पुढच्या गुरुवारी तुम्ही त्या टेबलाशी बसणार आहात. त्याआधी तुम्ही मला इथे काही सांगितलंत आणि कुणाला कळलं, तर तुम्हाला पॅनलवरून उठवतील. मग तुमच्या जागी कोण येईल? मला तुम्ही तिथे हव्या आहात.”

“तुम्हाला मी हवी आहे? मी तर तुमच्या विरुद्ध...”

“जे सांगायचंय ते टेबलाशी सांगा. मोठ्यानं सांगा, म्हणजे लिहून घेतील.” त्यांनी डब्याकडे पाहिलं. “आणि हे घरी घेऊन जा. सुनावणीच्या आधी मी तुमच्या हातचं पाणीसुद्धा पिणार नाही.”

घरी येऊन निवेदितानं डबा ओट्यावर ठेवला आणि ती खुर्चीत बसून रडली. अपमान झाला म्हणून नव्हे. आपण मिस आयोनींसाठी काहीच केलं नव्हतं, उलट नुकसानच केलं होतं, आणि तरी त्या बाईनं आपल्याला गुपचूप माफी मागण्याच्या सोप्या वाटेवरून मागे ओढलं होतं. इतका विश्वास तिच्यावर आजवर कुणी टाकला नव्हता, आणि तो पेलेल की नाही हे तिला कळत नव्हतं.

गुरुवारी तीच खोली, तीच माणसं. केझाया या वेळी खाली बघत होती. तीन महिने ती शहराच्या दुसऱ्या टोकाला, निरनिराळ्या शाळांनी काढून टाकलेल्या मुलांच्या केंद्रात जात होती, आणि तिथे दिवसाला दोन तास शिकवलं तरी खूप. मिस आयोनींनी वाचलं. हेडटीचर बोलले. मग दोन्ही बाजूंना बाहेर पाठवून तिघं गव्हर्नर उरले, आणि शेजारी टिपणं घेणारी क्लार्क.

“माझ्या मते नवीन काही नाही,” चेअरमन म्हणाले. “शाळेला पाठिंबा द्यायला हवा. निवेदिता?”

तीस वर्षं निवेदिता माणसांना झोपवत आली, आणि त्या क्षणी तिला वाटलं, आपण स्वतःलाही झोपवूनच इथवर आलो.

“मला एक गोष्ट मिनिट्समध्ये हवी आहे,” ती क्लार्ककडे वळून म्हणाली. “तिसरा जबाब बनावट आहे असं मी म्हणत नाही. पण जी व्यक्ती खुर्ची पडल्यावर आली, तिनं ती फेकताना पाहिली असू शकत नाही. आणि तीन माणसांना एकच वाक्य सुचत नाही. हे मला फेब्रुवारीतच दिसलं होतं. मी मूग गिळून गप्प बसले, कारण हेडटीचरांनी माझ्या मुलीसाठी पत्र लिहिलं होतं. हेही लिहा.”

क्लार्कचं पेन थांबलं. चेअरमन लालबुंद झाले. “हे लिहायची गरज आहे का?”

“आहे.”

टॉमनं तिसरा जबाब पुढे ओढला. बोट ओळीखाली धरून, ओठ हलवत, त्यानं तो हळूहळू वाचला. मग पहिल्यापासून पुन्हा वाचला. “शिट,” तो म्हणाला, आणि मग क्लार्कला सॉरी म्हणाला. दोन विरुद्ध एक. सगळ्यांना आत बोलावून चेअरमननी निर्णय सांगितला: केझायाला शाळेत परत घेण्यात येत आहे.

शारीन टेबलावर डोकं टेकून हुंदके देऊ लागली. मिस आयोनींनी तिच्या पाठीवर हात ठेवला, दुसऱ्या हातानं चष्मा काढला आणि डोळे पुसले. अडुसष्ट वर्षांची ती बाई त्या वेळी निवेदिताला इतकी मोठी वाटली, की तिच्या पाया पडावंसं वाटलं. ती तशी वाकलीही असती, पण या खोलीत त्याचा अर्थ कुणाला कळला नसता.

बाहेर पार्किंगमध्ये तिनं त्यांना गाठलं. आता बोलायला हरकत नव्हती. ती सरळ केझायासमोर उभी राहिली.

“पहिल्या वेळी मला दिसलं होतं आणि मी बोलले नाही. तुझे तीन महिने माझ्यामुळे गेले. माझं चुकलं.”

केझायानं तिच्याकडे नीट पाहिलं. “ओके,” ती म्हणाली. “पण मी इथे परत येणार नाहीये. मॉमला आणि मिस आयोनींना मी आधीच सांगितलंय. मी दुसरी शाळा बघणार.”

स्वतःची अब्रू निवेदितानं नुकतीच त्या टेबलावर मांडली होती, हेडटीचरांशी असलेला पंधरा वर्षांचा घरोबा संपला होता, आणि ही पोर म्हणते येणार नाही. “मग हे सगळं...” ती मिस आयोनींकडे वळली. “मग आपण हे कशासाठी केलं?”

“सकाळपर्यंत ही काढून टाकलेली मुलगी होती, डॉक्टर,” मिस आयोनी म्हणाल्या. “आता ही शाळा सोडून जाणारी मुलगी आहे. माझ्या डेन्झिलला एवढं जरी मिळालं असतं, तर आज तो माझ्या शेजारी उभा असता.”

केझायानं आईच्या हातात आपला फोन दिला. ड्रॉइंगच्या वर्गात तिची चित्रं राहिली होती. तीन महिने तिला फाटकाच्या आत पाऊल टाकायची बंदी होती. ती एकटीच मागे वळली, रिसेप्शनच्या काचेसमोर उभी राहून तिनं आपलं पूर्ण नाव सांगितलं, आणि आतल्या बाईंनी बटण दाबून दार उघडलं. तिघी बायका दाराकडे बघत थांबल्या. दहा मिनिटांनी ती चित्रांचं मोठं फोल्डर काखेत मारून, स्वतःच्या पायांनी चालत, पुढच्या दारातून बाहेर आली.