श्यामसुंदर आठल्यांची शीतपेटी

श्यामसुंदर आठल्ये यांनी आयुष्यात एकही वस्तू सरळ दुकानात जाऊन घेतली नाही, असं त्यांच्या बायकोचं, कालिंदीचं, म्हणणं होतं. घेतली ती सगळी दरपत्रकं मागवून. सरकारी बँकेत मुख्य व्यवस्थापक, कोलकात्यात एस्प्लनेडला ऑफिस, निवृत्तीला चौदा महिने. बँकेत खुर्ची घ्यायची तरी तीन दरपत्रकं लागतात, ते एक वेळ ठीक. पण या गृहस्थांनी घरचा कुकरसुद्धा तीन दुकानांतले भाव लिहून आणून, तक्ता आखून, खाली 'सर्वांत कमी दर ग्राह्य' असा शेरा मारून आणि सही ठोकून घेतला होता. सही कुणासाठी, देव जाणे! दुसऱ्या महिन्यात कुकरची शिट्टी बसली, तेव्हा म्हणाले, "प्रक्रिया मात्र बरोबर होती." लग्न ठरताना आपण तीन मुली पाहिल्या होत्या, हेही ते चारचौघांत कौतुकाने सांगत. त्या तिघींत आपण सगळ्यात कमी खर्चाच्या निघालो असणार, याबद्दल कालिंदीला तेहतीस वर्षांत कधी शंका आली नाही.

आणि अशा माणसाच्या हातात तिची एक इच्छा अडकून पडली होती. तिला उघड्यावर झोपायचं होतं. हसण्यासारखं आहे, पण होतं खरं. कॉलेजात असताना नाशिकच्या पोरींबरोबर ती किल्ले हिंडली होती, रतनगडाच्या गुहेत सतरंजीवर झोपली होती. पुढे लग्न झालं, दर तीन वर्षांनी बदली, जाईल त्या गावी शाळेत विज्ञान शिकवणं. आणि सहा वर्षांपूर्वी इन्सुलिन सुरू झालं. "इन्सुलिन फ्रिजबाहेर ठेवायचं नाही," असा फतवा श्यामसुंदररावांनी पहिल्याच दिवशी काढला. झालं! जिथे फ्रिज नाही तिथे कालिंदी नाही. सुंदरबनातला होडीतला मुक्काम गेला, सिक्कीमची पायी सफर गेली. आता गुडघे बोलायला लागले होते. आणखी दोन वर्षं अशीच गेली तर तंबूत वाकून शिरताही येणार नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

म्हणून मार्चात प्राजक्ताने विचारलं तेव्हा तिने नवऱ्याच्या तोंडाकडे पाहिलंच नाही. प्राजक्ता न्यू टाउनला आयटी कंपनीत होती. महाराष्ट्र मंडळातल्या पाच-सहा जणांना घेऊन ती पुरुलियाला पळस बघायला निघाली होती. डोंगराच्या पायथ्याशी तंबू, दोन रात्री. "येते," कालिंदी म्हणाली.

"आणि इन्सुलिन?" श्यामसुंदरराव म्हणाले.

"गाडीत चालणारा फ्रिज मिळतो, काका," प्राजक्ता म्हणाली आणि तिने बिचारीने नीट समजावून सांगितलं. अशा पेट्या दोन जातींच्या असतात. एकीत घरच्या फ्रिजसारखा कंप्रेसर असतो, ती बाहेर कितीही ऊन असो, हवं तेवढं गार ठेवते. दुसरीत नुसता पंखा आणि एक पत्रा, ती बाहेरच्या हवेपेक्षा फार तर पंधरा-वीस अंशांनी गार होते. पुरुलियाला दुपारी छत्तीस-सदतीस असणार, तेव्हा दुसरीच्या वाटेला जाऊ नका. आणि गाडी बंद असताना ती गाडीच्या बॅटरीवर चालवू नका, बॅटरी उतरते. त्यासाठी वेगळी मोठी बॅटरी मिळते, ती घ्या.

श्यामसुंदररावांनी सगळं वहीत उतरवून घेतलं.

पुढचे तीन आठवडे त्यांनी चांदनीच्या विजेच्या सामानाच्या बाजारात खेटे घातले. जेवणाच्या सुट्टीत जायचं, कागद घेऊन यायचं. रात्री टेबलावर तक्ता. क्षमता, वजन, हमी, रंग. हो, रंगसुद्धा! तिन्ही दरपत्रकं आली आणि व्हायचं तेच झालं, सर्वांत कमी दर पंखावाल्या पेटीचा निघाला. दुकानदार बंगाली म्हातारा होता, भला माणूस. त्याने बिल फाडायच्या आधी स्वतःहून सांगितलं, "दादा, एटा फ्रिज नोय." हा फ्रिज नव्हे, एवढं बंगाली सहा महिन्यांच्या कोलकात्यातही कळतं. श्यामसुंदररावांना इथे तीन वर्षं झाली होती.

"अहो, प्राजक्ता काय म्हणाली होती?" कालिंदीने विचारलं.

"तिने शिफारस केली. निर्णय घेणारी ती नव्हे."

"आणि वेगळी बॅटरी?"

"गाडीला आहे ना एक? दुप्पट खर्चाचं समर्थन काय?"

त्यांनी पेटीची चाचणीही घेतली. कुठे? बेडरूममध्ये, एसी बावीसवर लावून. दोन तासांनी आतला आकडा सहावर आला, तेव्हा हा मनुष्य अक्षरशः टाळी वाजवून हसला. तक्त्याखाली त्यांनी 'कामगिरी समाधानकारक' असं लिहिलं. पुरुलियाच्या माळावर बेडरूम कशी न्यायची, हे विचारायचं कालिंदीच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण जायला तर मिळतंय, म्हणून तिने जीभ चावली.

पहाटे निघून दुपारी बारा वाजता ते पोचले. पळस असा फुलला होता की कालिंदी गाडीतून उतरली आणि तिथेच उभी राहिली. पान एक नाही, नुसता भगवा. तंबू झाडांखाली होते, जमीन साफ केलेली, अंगणात पाण्याचा माठ.

"गाडी बंद केली की पंखा थांबतो," मागून आवाज आला.

श्यामसुंदरराव पेटीपाशी उकिडवे बसले होते. मग त्यांनी किल्ली अर्धी फिरवून ठेवली, पंखा पुन्हा घरघरायला लागला, आणि ते विजयी मुद्रेने जेवायला आले. प्राजक्ताने पाहिलं आणि सांगितलं, "काका, बॅटरी बसेल." काका म्हणाले, "निरीक्षणाखाली आहे." त्यांचं निरीक्षण म्हणजे जेवून खुर्चीत घोरणं.

चार वाजता पंखा बंद पडला. किल्ली फिरवली तर गाडीने हूं का चूं केलं नाही. कालिंदीने पेटी उघडली. आतल्या थर्मामीटरवर चोवीस. आणि या शहाण्याने दोन रात्रींसाठी इन्सुलिनची पाचही पेनं, महिन्याचा सगळा साठा, बरोबर आणला होता!

"यंत्रात दोष नाही," श्यामसुंदरराव घाम पुसत म्हणाले, "इथली परिस्थितीच अटींच्या बाहेरची आहे. आपण परत जाऊ. प्राजक्ताच्या गाडीवरून वायर लावून आपली सुरू करता येईल. तुझ्या तब्येतीची जोखीम नको."

सहा वर्षं, आणि पळसाखाली चार तास. कालिंदीला रडू आलं नाही, चीड आली.

प्राजक्ताने वायर जोडून गाडी सुरू करून दिली आणि ती पेटीपाशी आली. "काकू, माझ्या गाडीतल्या फ्रिजात ठेवलं असतं, पण त्यात मासे आहेत, उणे दहावर आहे तो. इन्सुलिन गोठलं की वायाच." असं म्हणत तिने पेनाच्या खोक्यातला घडी घातलेला कागद उलगडला. बारीक अक्षरं, मुंग्यांसारखी. ती वाचत गेली आणि मधेच थांबली.

"काकू, यात लिहिलंय, न उघडलेली पेनं फ्रिजमध्ये. पण वापरातलं पेन तीस अंशांच्या खाली बाहेरच ठेवायचं, चार आठवडे चालतं."

"काय?"

"वापरातलं पेन. त्याला फ्रिज लागतच नाही."

कालिंदीने कागद हातात घेतला. चष्मा लावून दोनदा वाचला. तीस वर्षं मुलांना सांगितलं, बाटलीवरचं लेबल वाचल्याशिवाय हात लावायचा नाही. आणि स्वतः? सहा वर्षं दर महिन्याला हा कागद न उलगडता केराच्या डब्यात. वा गं विज्ञानाच्या बाई! पहिल्यांदाच तिला नवऱ्यापेक्षा स्वतःची जास्त लाज वाटली.

"अहो," ती म्हणाली, "हे तुम्ही वाचलं होतं?"

कागद म्हटला की हा माणूस वाचल्याशिवाय राहत नाही, हे तिला विचारतानाच आठवलं.

"वाचलं होतं ना," श्यामसुंदरराव सहज म्हणाले. "पहिल्याच खोक्यातलं. पण तीस अंशांच्या खाली आहे की नाही हे बघत बसणार कोण? फ्रिजमध्येच ठेवलं की प्रश्न मिटला. म्हणून तुला नाही सांगितलं."

त्यांच्या चेहऱ्यावर अपराधीपणाचं नावही नव्हतं. उलट, एवढी काळजी घेतल्याबद्दल कुणीतरी शाबासकी द्यावी असाच भाव होता. प्राजक्ता मान खाली घालून वायर गुंडाळत राहिली.

कालिंदीने थर्मामीटर उचलला आणि माठाला टेकवून सावलीत ठेवला. दहा मिनिटं ती तिथेच उभी राहिली. पंचवीस. तिने वापरातलं पेन स्टीलच्या डबीत घातलं, डबी ओल्या फडक्यात गुंडाळली आणि माठाच्या बुडाशी ठेवून दिली. उरलेली चार पेनं पेटीत घालून पेटी गाडीच्या मागच्या सीटवर आदळली.

"गाडी चालू आहे तोवर निघा," ती म्हणाली. "वाटेत पेटीचा पंखा फिरेल. घरी पोचल्याबरोबर ही चार फ्रिजमध्ये टाका."

"आणि तू?"

"मी इथे झोपणार आहे."

"एकटी?"

"प्राजक्ता आहे, मंडळाची माणसं आहेत."

श्यामसुंदरराव गाडीच्या उघड्या दारापाशी उभे राहिले. "मग मी परवा तुला न्यायला येऊ का?" त्यांनी विचारलं. तेहतीस वर्षांत त्यांनी पहिल्यांदाच तिला तिची मर्जी विचारली होती.

"नको," कालिंदी म्हणाली. "मी माझी येईन."