आईचा इंग्लिश आवाज

रविवारी मुलुंडला, बचत गटाच्या प्रदर्शनात मला कळलं की माझी आई फाडफाड इंग्लिश बोलते... आणि आईलाही ते तेव्हाच कळलं. दोन दिवस झाले, अजून धक्क्यातून बाहेर आलेले नाही. म्हणून लिहितेय.

आई येसर करून विकते. येसर म्हणजे आमच्या जालन्याकडचा, धान्य आणि डाळी भाजून दळलेला आमटीचा मसाला. आम्ही राहतो घाटकोपरला, पण आमचं स्वयंपाकघर अजून जालन्यातच आहे.

तिचं सोशल मीडियावरचं, व्हिडिओंचं पेज मी चालवते. दिवसभर मालाडच्या ऑफिसात मोठ्या ब्रँडची पेजेस, घरी आल्यावर आईचं.

गेल्या आठवड्यात ॲपमध्ये एक नवीन फीचर आलं. तुम्ही मराठीत बोला, ॲप तुमच्याच आवाजात त्याचं इंग्लिश, तमिळ, बंगाली करून देतं. ओठसुद्धा तसेच हलतात!

ऑफिसच्या मीटिंगमध्ये मीच टाळ्या घेतल्या होत्या. "आता भाषेची भिंत पडली, लहानातल्या लहान माणसालाही सगळं मार्केट खुलं..." वगैरे. मनापासून वाटत होतं मला. त्याच भरात आईच्या पेजवर इंग्लिश सुरू केलं. आईला विचारलं नाही... सरप्राइज देणार होते.

तर रविवारी एक बाई थेट आमच्या टेबलाशी आल्या. आईला बघून इतक्या खूश झाल्या, जणू जुनी मैत्रीण भेटली. आणि सुरू झाल्या... भरभर, इंग्लिशमध्ये.

आई आधी हसली. मग नुसती मान हलवत राहिली. मग माझा दंड घट्ट धरला. "काय म्हणतीये गं ही? काय चुकलं आपलं?"

मी म्हटलं, आईला इंग्लिश येत नाही. बाईंचा चेहराच बदलला. त्यांनी फोन काढून आईचा व्हिडिओ आमच्यासमोर धरला. मग हिंदीत, अडखळत, जरा हळू आवाजात विचारलं, "तो फिर ये कौन है? और मसाला... वो तो आप ही बनाता है ना?"

आवाज खोटा निघाला, तर मसाला खरा कशावरून? बरोबरच होतं त्यांचं. शेजारच्या टेबलावरच्या पापडवाल्या ताईसुद्धा वळून बघायला लागल्या. ज्या आईने आजवर कधी डाळीत खडा जाऊ दिला नाही, ती माझ्यामुळे सगळ्यांसमोर खोटी ठरत होती.

आईने तो फोन हातात घेतला. तीच साडी, तीच कढई, आमच्याच ओट्यावरचा तो मोडक्या दांड्याचा झारा. आईच्या "या गं बायांनो, बसा"चं "हॅलो फ्रेंड्स" झालं होतं.

"आवाज तर माझाच हाय गं," आई म्हणाली. "पण हे मी कुठं बोलले?"

मी घाईघाईने सांगायला लागले... फीचर, भाषांतर, सेटिंग. कुणीच ऐकत नव्हतं. आईने मला हातानेच गप्प केलं. एक पुडी फोडून बाईंच्या नाकासमोर धरली.

"वास लेके देखो बाई. वो फोनवाली मैं नहीं. ये सब मैंच भाजती, मैंच दळके लाती. जो पूछना है वो मेरेको पूछो."

बाईंनी वास घेतला. मग त्यांच्या मोडक्या हिंदीत विचारलं, की आमटीत याच्या गुठळ्या झाल्या तर काय करू? "पहिले ठंडे पानी में कालवनेका!" आई म्हणाली. "गरम में डाला की वाट लगी."

पुढे दोघी अशा काही बोलत बसल्या, की बाकीच्या गिऱ्हाइकांकडे मलाच बघावं लागलं. दोघींची हिंदी मोडकी... आणि एकही गोष्ट अडली नाही!

तिथेच उभ्या उभ्या मी ते फीचर बंद केलं. टीम लीडला कळवलं तर तो म्हणाला, "वेडी आहेस का? रीच बघ ना यार, किती जणांपर्यंत पोचतोय!" बघितला रे. पण आपण मार्केटिंगवाले माणसाला न विचारता त्याच्या तोंडात शब्द घालणार असू, तर तो रीच घेऊन करायचं काय? आता आईचे व्हिडिओ मराठीतच राहतील, खाली इंग्लिश सबटायटल्स.

परतताना रिक्षात मी तिला सॉरी म्हटलं. ती उरलेल्या पुड्या मोजत राहिली. मला वाटलं, खूप दुखावलीय...

मग विक्रोळीच्या सिग्नलला हळूच म्हणाली, "ते इंग्लिश एकदा लाव की परत."

माझ्या फोनमध्ये सेव्ह होतं, लावलं. पूर्ण ऐकलं तिने, फोन कानाशी धरून. मग पदराने स्क्रीन पुसून फोन मला परत दिला.

"चांगलं बोलती गं ही. तुझ्या इंग्लिश शाळेच्या मीटिंगला हिला पाठवायला पाहिजे होतं."

आई, तिची गरज नव्हती. तू येत होतीस ना... कामावरून अर्धी सुट्टी टाकून, शेवटच्या बाकावर, एक शब्द न बोलता. आपल्या घरातली पहिली ग्रॅज्युएट मी त्यातूनच झाले.