आधी खिसा, मग कॅमेरा

टेपमावशींनी आधी खिसा शिवला आणि मग त्यात बसेल असा कॅमेरा शोधायला निघाल्या. यात काही चुकतंय असं त्यांना मुळीच वाटलं नाही. एकतीस वर्षं एकाच खोलीत, एकाच मशीनवर कपडे शिवणाऱ्या बाईच्या हिशेबी जगातली प्रत्येक वस्तू शेवटी कशात तरी घालायचीच असते. मग ते 'कशात तरी' आधी तयार असलेलं काय वाईट?

टेपमावशी हे नाव त्यांना गिऱ्हाइकांनी दिलेलं. कारण मोजायची टेप गळ्यात नाही अशा त्या कुणाला दिसल्याच नाहीत. एकदा दाढ काढून घ्यायला गेल्या तेव्हा डॉक्टर म्हणाले, "ती टेप काढून ठेवता का?" मावशी तोंड उघडं ठेवूनच म्हणाल्या की तुमच्या कोटाची डावी बाही अर्धा इंच मोठी आहे. मग दाढ निघाली, टेप राहिली, आणि डॉक्टरांचा कोट पुढच्या आठवड्यात दुरुस्तीला आला.

तर कॅमेऱ्याचं खूळ निघालं ते ताईमुळे. ताई म्हणजे मावशींची थोरली बहीण. चाळीस वर्षं हॉस्पिटलात नर्स होती, त्यामुळे बोलणं सगळं औषधासारखं: थोडं, कडू आणि वेळेवर. आठ दिवस समुद्रकाठी जायचं, दोघींनीच, असं तिच्या मनात कधीपासूनचं होतं. दोनदा तिने तिकिटं काढली. पहिल्या वेळी मावशींकडे बँडवाल्यांचे सतरा कोट आले. दुसऱ्या वेळी शाळेचे गणवेश आले. दोन्ही वेळा ताईने मुकाट्याने तिकिटं परत केली. या वेळी मात्र गुरुवारी सकाळी सातची बस सांगून ती म्हणाली, "धाकटे, या वेळी तू आली नाहीस तर मी एकटी जाईन. आणि पुन्हा कधी विचारणार नाही."

ताई असं उगाच बोलणाऱ्यातली नव्हती. वीस वर्षांपूर्वी 'आजपासून चहात साखर नको' म्हणाली होती. त्यानंतर तिच्या चहात साखरेचा कण गेलेला नाही.

मावशींना जायचं होतं हो! रात्रंदिवस जायचंच होतं. पण दुकान आठ दिवस बंद ठेवायचं म्हटलं की हात कुलपापाशीच अडायचा. आपण नसताना लोक दुसरीकडे गेले तर? आणि त्याहून वाईट म्हणजे, आपण नसल्याचं कुणाला कळलंच नाही तर? ही भीती त्यांनी कुणाला सांगितली नाही. त्याऐवजी त्या ताईला म्हणाल्या, "येते, पण कॅमेरा घेतल्याशिवाय नाही येणार."

"मोबाईल आहे ना तुझ्याकडे?"

"मोबाईलवर फोटो काढताच येत नाही गं. वर धरला की वाजतो."

हे अक्षरशः खरं होतं. मावशींनी मोबाईलवर आजवर चार फोटो काढायचा प्रयत्न केला होता. मांजर, इंद्रधनुष्य, शेजारच्यांचं तान्हं बाळ आणि पुन्हा मांजर. चारही वेळा बोट बटणावर जायला आणि फोन वाजून कुणीतरी 'मावशी, पँट झाली का?' म्हणायला एकच गाठ पडली. मांजर निघून गेलं, इंद्रधनुष्य विरलं, बाळ आता शाळेत जातं. म्हणून मावशींना हवी होती अशी वस्तू जी फक्त बघेल आणि बोलणार नाही.

"बरं," ताई म्हणाली. "म्हणजे या वेळचं निमित्त कॅमेरा."

हे मावशींना झोंबलं. खरं असल्यामुळे जास्तच झोंबलं. त्यांनी इरेला पेटून त्याच रविवारी राखाडी कापड काढलं आणि स्वतःसाठी प्रवासाचा कोट बेतला. आत, डाव्या छातीवर, अस्तराला जोडून कॅमेऱ्याचा खास खिसा. झाकणाला बटण, कडेला दुहेरी शिलाई. कॅमेऱ्याचं माप कुठून आणलं? पेपरातल्या जाहिरातीवरून. छापलेल्या चित्रावर टेप लावली: रुंदी सव्वातीन इंच, उंची दोन. जाडी चित्रात दिसत नव्हती, ती पाऊण इंच धरली. बाकी कपड्यांत शिवणीच्या आत त्या नेहमी जास्तीचं कापड ठेवायच्या, माणसं काय आज ना उद्या फुगतातच. पण स्वतःच्या कोटाला कशाला? तो त्यांनी अगदी काटोकाट शिवला.

मंगळवारी दुपारी तो कोट अंगात घालून, भर उन्हात, स्वारी कॅमेऱ्यांच्या दुकानात दाखल झाली.

दुकानदार ओळखीचाच निघाला. मावशी माणसं चेहऱ्याने कमी आणि मापाने जास्त ओळखतात. हा कंबरेने 'बेचाळीस' होता. पहिल्यांदा पँट शिवायला आला तेव्हा छत्तीस होता.

"या मावशी! कसा हवा कॅमेरा?"

"सव्वातीन बाय दोन बाय पाऊण," मावशी म्हणाल्या.

बेचाळीसने इतक्या वर्षांत कॅमेरे विकले होते, पण अशी मागणी त्याच्या कानावर आली नव्हती. कुणी झूम विचारतं, कुणी रंग विचारतं, एकाने तर पाण्यात पोहतो का विचारलं होतं. त्याने निमूटपणे कपाटातून सगळ्यात चपटा कॅमेरा काढून दिला. मावशींनी तो खिशात सरकवला. काय बसला म्हणता! झाकण लागलं, बटण लागलं, बाहेरून फुगवटासुद्धा दिसेना. मावशींनी आरशासमोर दोन गिरक्या घेतल्या.

"एक फोटो तरी काढून बघा," बेचाळीस म्हणाला आणि स्वतःच समोर उभा राहिला.

मावशींनी कॅमेरा वर धरला मात्र, बेचाळीसने दोन्ही हात खांद्याच्या रेषेत बाजूला पसरले, पोट आत ओढलं आणि श्वास रोखून छताकडे बघायला लागला.

"अरे, माप नाही घेत मी!"

"सवय हो मावशी," तो कसाबसा पुटपुटला. "तुम्ही समोर आलात की हात आपोआप वर जातात."

पण फोटो काही निघेना. कात्री धरून धरून मावशींचं उजवं बोट आणि अंगठा जाड झालेले, आणि त्या चपट्या कॅमेऱ्याची बटणं मोहरीएवढी. एक दाबलं की तीन दाबली जायची. कॅमेऱ्याने आधी आवाज केला, मग भाषा बदलली, मग तो मिटून बसला. शेवटी जो काय फोटो निघाला त्यात दुकानातल्या मंद उजेडात बेचाळीस असा काळपट दिसत होता की त्याने स्वतःच तो पुसून टाकला.

मग आला दुसरा, लांबचं बघणारा. मावशींनी दारातून समोरच्या इमारतीच्या गच्चीवरचं कबुतर त्यात धरलं, आणि नळी पुढे पुढे जात कबुतराचा डोळा पडदाभर झाला. मावशी लहान मुलीसारख्या किंचाळल्या. पुढची दहा मिनिटं त्या रस्ताभर फिरल्या. वरच्या मजल्यावरच्या बाईच्या झग्याची उसवलेली शिवण दिसली, बसस्टॉपवरच्या माणसाचं तुटलेलं बटण दिसलं, आणि एका बाहीवर स्वतःची जुनी शिलाईसुद्धा ओळखू आली. "हाच! हाच!" म्हणत त्या परत आल्या आणि कॅमेरा कोटाच्या बाहेरच्या खिशात टाकून आरशासमोर उभ्या राहिल्या. कोट डावीकडे इंचभर खाली ओढला गेला. मावशींचा चेहरा उतरला. आठ दिवस वाकड्या घेराने फिरायचं? त्यापेक्षा त्या घरी बसल्या असत्या.

"हा घरीच राहतो बघा मावशी," बेचाळीसने खरं ते सांगितलं. "लोक हौसेने नेतात आणि जड म्हणून कपाटात ठेवतात. रोज बरोबर येईल तोच आपला कॅमेरा." असं म्हणून त्याने तिसरा काढला.

तिसरा मुठीएवढा. वजन कात्रीपेक्षा कमी. बटणं मोजकी आणि चांगली शर्टाच्या बटणाएवढी. पुढची काच मोठी, त्यामुळे कमी उजेडातही बेचाळीस गोरागोमटा दिसला (हात या वेळीही पसरलेलेच होते). आणि खरी गंमत पुढेच. मागचा पडदा उचलून आडवा करता यायचा, म्हणजे कॅमेरा पोटाशी धरायचा आणि मान खाली घालून बघायचं. एकतीस वर्षं मावशींनी दुसरं केलं काय होतं? मान खाली, हात पुढे, नजर सुईवर. त्यांनी कॅमेरा पोटाशी धरला आणि तो हातात असा बसला, जणू जन्मापासून तिथेच होता. बोट आपोआप बटणावर गेलं. टिक्. समोरच्या टेबलावरचा चहाचा कप, कडेची वाफ, कपाखालचा ओला गोल डाग, सगळं पडद्यावर जसंच्या तसं. मावशींना हसू आवरेना. साधा कप तो, रोज दहा वेळा आपण बघतो, पण असा कधी बघितलाच नव्हता!

मग त्यांनी तो खिशात घातला. म्हणजे घालायला गेल्या. काच पाव इंच आड आली.

मावशींनी सरळ घातला, उलटा घातला, तिरका घातला. श्वास सोडून घातला. खिसा ढिम्म. त्यांनी गळ्यातली टेप काढून कॅमेरा मोजला, खिसा मोजला, पुन्हा कॅमेरा मोजला. मग कॅमेरा टेबलावर ठेवला आणि एकदम पडेल आवाजात म्हणाल्या, "राहू दे रे. नशिबात नाही प्रवास."

"प्रवास? प्रवासाचा काय संबंध?"

"कॅमेरा नाही तर प्रवास नाही. असं मी ताईला सांगून बसलेय." आणि बोलता बोलता त्यांना जाणवलं की मनात कुठेतरी आपल्याला हायसं वाटलंय. दुकान बंद करायला नको. त्या हायसं वाटण्याची त्यांना लाज वाटली, आणि एकटीच बसमध्ये चढणारी ताई डोळ्यांसमोर आली.

बेचाळीसने कोटाकडे बघत स्वतःच्या पँटचा पट्टा वर ओढला. मग म्हणाला, "मावशी, तुम्ही माझी पँट किती वेळा सैल केलीत?"

"तीनदा."

"पोट बदलून आण, असं एकदा तरी म्हणालात का मला?"

मावशींनी त्याच्याकडे पाहिलं. त्याच्या पोटाकडे पाहिलं. कॅमेऱ्याकडे पाहिलं. आणि जे हसायला लागल्या ते थांबेचनात. टेबलाला धरून हसल्या, खुर्चीत बसून हसल्या, डोळे टेपच्या टोकाने पुसून पुन्हा हसल्या. दुकानात आलेलं एक जोडपं काही न कळताच त्यांच्याबरोबर हसायला लागलं.

तिसऱ्या प्रकारचा नवाकोरा कॅमेरा घेऊन मावशी जवळजवळ पळतच आपल्या मशीनपाशी आल्या आणि संध्याकाळ व्हायच्या आत त्यांनी खिसा उसवला. आता शिवणीत जास्तीचं कापड नाही, राखाडी तुकडाही उरलेला नाही. पण मावशींच्या अंगात वारं शिरलं होतं. बँडवाल्यांच्या कोटांतून उरलेली झगझगीत पिवळी चिंधी त्यांनी काढली आणि तिची पट्टी खिशाच्या कडेने भरली. राखाडी कोटाच्या आत पिवळाधमक खिसा! गिऱ्हाइकाने असं मागितलं असतं तर त्यांनी त्याला समजावून परत पाठवलं असतं.

बुधवारी त्यांनी सगळ्यांचे कपडे पोचते केले. गुरुवारी सकाळी साडेसहाला बॅग दुकानाबाहेर ठेवली, दार ओढलं, कुलूप लावलं, किल्ली दोनदा फिरवली. आणि आत मोबाईल वाजला.

मशीनच्या खणात राहिला होता. मावशी जागच्या जागी थिजल्या. कोण असेल? बाही उसवली असेल कुणाची. लग्न असेल कुणाचं. दोन मिनिटांत दार उघडून, घेऊन, 'हो, करून देते' म्हणून... आणि त्यांना पक्कं माहीत होतं की ती दोन मिनिटं कधी दोन मिनिटं राहणार नाहीत. एकदा उचलला की शेवटी टेप हातात आणि बस रस्त्यावर. मोबाईल वाजतच होता. मावशींचा हात कोटात गेला, पिवळ्या खिशातून कॅमेरा बाहेर आला, पोटाशी धरला गेला, आणि त्यांनी कुलपाचा फोटो काढला. आत घंटी वाजली की बाहेर टिक्. पुन्हा घंटी, पुन्हा टिक्. दोघांची अशी जुगलबंदी चालली असताना मोबाईलच आधी थकला. मावशींनी किल्ली पिशवीच्या तळाशी टाकली आणि बॅग उचलून धूम ठोकली.

ताई बसच्या दाराशी उभी होती. एक पाय पायरीवर, नजर घड्याळावर. मावशी धापा टाकत आल्या तेव्हा तिच्या तोंडावरची सुरकुती हलली नाही. "दुकान?"

बोलायला दम नव्हता म्हणून मावशींनी कॅमेरा पुढे केला. ताईने चष्मा लावून एकेक फोटो बघितला.

"कुलूप. हेही कुलूप. परत कुलूप. धाकटे, हे अकरा आहेत."

"बरोबर. अकरा वेळा वाजला."

"काय?"

"मोबाईल. आत राहिलाय."

ताईने चष्मा काढला. मग तिने कॅमेरा मिटवला, बहिणीच्या हातात दिला, आणि पायरीवरचा पाय खाली घेतला. "माझा काढ," म्हणाली. पुढे दोन पावलं जाऊन सरळ उभी राहिली आणि मावशींनी कॅमेरा पोटाशी धरताच तिनेही दोन्ही हात खांद्याच्या रेषेत पसरले, मान ताठ, श्वास रोखलेला. एकतीस वर्षांत ती बहिणीसमोर निवांत उभी राहिली होती ती फक्त त्याच खोलीत, माप द्यायला.

"हात खाली घे गं ताई. माप नाही घेत मी."

"घे की," ताई म्हणाली. हात तिने तसेच ठेवले, उलट आणखी ताणले, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा ती खो खो हसली. "आठ दिवसांचं माप आहे. नीट घे."

ड्रायव्हरने हॉर्न दिला. मावशींनी बटण दाबलं. तो बारावा फोटो जरा तिरका आलाय, आणि ताईचे दोन्ही हात चौकटीत मावलेले नाहीत. मावशींनी तो पुन्हा काढला नाही.