फ्लॉरेन्सचा अळणी घास

नमस्कार. या ग्रुपवर बरेच दिवस नुसती वाचत होते, आज पहिल्यांदा लिहितेय. शाळा सातवीतच सुटली, त्यामुळे चुका सांभाळून घ्या. आणि आधीच सांगते... नजर, बाहेरचं, करणी, यातल्या कशालाच मी भीक घालत नाही. दृष्ट काढताना मिरच्यांचा ठसका आला नाही म्हणून घाबरणाऱ्या बायकांना मी हसायचे, "अगं, मिरच्याच जुन्या असतील!" पण मागच्या वर्षी जे झालं ते कुठे बसवायचं, मला अजून कळलेलं नाही.

दुबईत ऊद मेथाला एका पुण्याच्या कुटुंबाकडे मी बरीच वर्षं स्वयंपाकाला आहे, राहतेही तिथेच. मॅडमनी माझ्या आईच्या डोळ्यांचं ऑपरेशन करून दिलं. त्यांचं मीठ खाल्लंय, वाईट बोलणार नाही. त्यांना बाळ झालं तेव्हा सांभाळायला मीच माझ्या मावसबहिणीला, दर्शनाला, कुडाळहून बोलावून घेतलं. बारावी झालेली, चटपटीत पोरगी.

तिला येऊन जेमतेम सहा महिने झाले आणि साहेबांची इटलीत, फ्लॉरेन्सला कॉन्फरन्स निघाली. सगळ्यांनी जायचं ठरलं. सगळ्यांनी म्हणजे साहेब, मॅडम, बाळ... आणि दर्शना.

"म्युझियममध्ये बाळ रडलं तर तिला एकटीला बाहेर घेऊन बसावं लागेल गं, इंग्लिश बोलावं लागेल," मॅडम म्हणाल्या. "तू समजून घेशील ना?"

"हो मॅडम, अगदी," मी म्हटलं. आणि प्रवासाला दशम्या करून दिल्या. त्या दिवशी कणीक एवढी मळली की मनगट दुखलं.

निघताना दर्शनाच्या पायात माझे नवे सँडल होते. मीच दिले होते. म्हणजे माझे सँडलसुद्धा इटली बघून आले — मी तेवढी राहिले.

मग दर्शनाचे व्हिडिओ यायला लागले. पहिल्यात पांढऱ्या दगडाचा उंच पुतळा, अंगावर चिंधी नाही, आणि समोर तोंडावर हात धरून खिदळणारी आमची दर्शना. दुसऱ्यात टेकडीवरची बाग, रांजणाएवढ्या कुंड्यांमध्ये लिंबाची झाडं. तिसऱ्यात पिस्त्याचं आइस्क्रीम, दोन-दोन गोळे. "ताई, ह्या बघ गो! असला तू जन्मात खावक नाय!"

नाहीच खाल्लं. त्यानंतर मी एकही व्हिडिओ उघडला नाही. रिकाम्या घरात, एसीच्या आवाजात, फोन उलटा ठेवून बसायचे. वरणभात करायचे आणि तोही गिळवत नव्हता. मनात सारखं एकच, आत्ता काय खात असेल ही?

दोन दिवसांनी तिचा रडत फोन. "ताई, माझ्या पोटात काय ऱ्हवत नाय गो. खाल्लेला सगळा भायर पडता."

पाठोपाठ मॅडमचा. "डॉक्टरला काही सापडत नाही. अशीच राहिली तर परत पाठवते तिला. आणि बाळासाठी नंतर दुसरं कोणीतरी बघावं लागेल बहुतेक."

ते ऐकून मला... बरं वाटलं. कुडाळला तिच्या पगारावर चूल पेटते, मावशीला मीच शब्द देऊन तिला आणलेली. आणि मला बरं वाटतंय?

दर्शनाला पुन्हा फोन लावला. ती म्हणाली, "आये म्हणता, कोणाचीतरी नजर आसा. जेचा मन त्या खाण्यात आसा, तेच्या नावान पयलो घास काढून ठेव म्हणता."

"नजरबिजर काही नसतं. ओआरएस पी," मी म्हटलं आणि घाईघाईने फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी बाल्कनीतल्या तुळशीला पाणी घालत होते. सकाळपासून नुसता चहा झालेला. उभ्या उभ्या तोंडात चव आली. आठवण नव्हे हो, चव! भिजलेला शिळा पाव, पांढऱ्या बिया शिजवलेल्या, कसलीशी पालेभाजी आणि घशाला किंचित लागणारं कडसर तेल. मी गिळलं. खरंच गिळलं. पावात मीठ म्हणून नव्हतं. स्वयंपाकीण आहे मी, जिभेला पहिलं तेच कळतं. आणि पोट असं भरलं की लग्नाच्या पंगतीतून उठावं. संध्याकाळपर्यंत पाणीसुद्धा नको वाटलं.

रात्री दर्शनाचा फोन, आवाज एकदम टवटवीत. "ताई, आज जेवलंय! पोटात ऱ्हवला गो!"

"बरं झालं बाई," मी म्हटलं, आणि विचार न करताच तोंडातून गेलं, "पण पाव एवढा अळणी कसा गं त्यांचा?"



"तुका कोणी सांगितला?"

"ते राहू दे, तू काय जेवलीस ते सांग," मी म्हटलं. मग ती सांगायला लागली. मॅडमनी भाजीपावाचं सूप डब्यात बांधून घेतलं होतं, सगळे त्या बागेत बसले होते. तिने लिंबाचं पडलेलं पान घेतलं, त्यावर पहिला घास ठेवला, कुंडीखाली सरकवला. मग जेवली.

"कोणाच्या नावाने काढलास?" मी विचारलं.

"राग मानू नको हां ताई... तुझ्याच."

ती नंतर आजारी पडली नाही. नोकरीही टिकली, आता इथे बाजूलाच झोपलीय. मॅडमना हे सांगितलं तर म्हणाल्या, तिकडचा पाव अळणीच असतो, तू व्हिडिओत ऐकलं असशील. मी नंतर एकेक व्हिडिओ उघडून बघितला. पुतळे आहेत, बाग आहे, पावाचा उल्लेखसुद्धा नाही. कोणाला उलगडा होत असेल तर जरूर सांगा. मला होत नाही.

सँडल तिने पुसून परत दिले. मी तिच्यावर रागावलेली नाही, देवाशपथ. फक्त कधी कधी मनात येतं... सुपाचा घास काढलास गं माझ्या नावाने. आइस्क्रीमचा का नाही काढलास?