पाटीवर न आलेलं बावखल

नंदाखालच्या आमच्या वाडीत मोठ्या भावाने बंगला बांधला. फाटकावर सिमेंटचे दोन सिंह बसवले, खांबांवर पऱ्या उभ्या केल्या आणि पुढे कारंजं थाटलं. कारंजं आहे तिथे आमचं बावखल होतं. त्या गोड्या पाण्याच्या तळ्यावर आमच्या केळी पोसल्या, त्यातच आम्ही दोघं पोहायला शिकलो. आता कारंज्यासाठी टँकर येतो आणि पाहुणे त्याच्यासमोर फोटो काढतात.

गावात कुणाचं लग्न असो की निवृत्ती, वात्रट चार ओळी माझ्याकडूनच मागतात. घराच्या आशीर्वादासाठी भावानेही मागितल्या. बावखल बुजवल्याचं मला फार लागलं होतं, पण त्याच्या तोंडावर बोलायची माझी कधी छाती झाली नाही. म्हटलं, यमकात घालून तरी टोचू. फादर घरभर पवित्र पाणी शिंपडून बसले, तेव्हा मी वाचलं:

दारी बसले सिंह दोन, डोळे त्यांचे लाल,
खांबावरती परी उभी, गुलाबी तिचे गाल.
काय थाट, काय रुबाब, बघत राहतो गाव,
बावखलाच्या छातीवरती कारंज्याला वाव!

लोक पोट धरून हसले. सगळ्यांत जास्त भाऊ हसला. "झकास. पाटीवर कोरूनच घेतो," म्हणाला. मी जळफळत घरी आलो.

महिन्याभराने फाटकावर काळ्या दगडाची पाटी लागली. शेवटची ओळ होती, 'बागेच्या या छातीवरती कारंज्याला वाव'. पाटी कोरणारा रेल्वेपलीकडच्या तुळिंजचा, तिकडे बावखलं नाहीत. बावखल हा शब्द त्याने कधी ऐकलाच नव्हता, म्हणून चूक समजून सुधारला.

"दादा, शब्द बदललाय त्याने."

"मला विचारूनच बदलला. बागच बरी वाटते. बावखल आता कोणाला कळतंय?"

तुला कळतं ना, असं अगदी ओठांवर आलं होतं. पण वाडी दोघांच्या नावावर, त्यामुळे भरावाच्या अर्जावर त्याच्या सहीखाली माझीही सही आहे. तो अर्ज मी नीट वाचला होता. त्यातही बावखल नव्हतं, 'पाण्याचा निरुपयोगी खड्डा' असं लिहिलं होतं. मी काही तो शब्द सुधारला नाही.