लॅमिनेट केलेला डिप्लोमा

शनिवारी सकाळी आखातातल्या आमच्या अल नहदाच्या फ्लॅटमधलं जेवणाचं टेबल आमचं नसतं. त्यावर मार्कशीट, सिलॅबसच्या झेरॉक्स आणि चहाचे कप पसरलेले असतात, आणि भोवती डिप्लोमा करून नोकरीला लागलेली चार-पाच मुलंमुली बसलेली असतात. सगळ्यांना इंजिनिअरिंगची डिग्री हवी असते आणि पहिल्या वर्षापासून सुरुवात नको असते. डिप्लोमात शिकलेले विषय युनिव्हर्सिटीने धरले, तर थेट दुसऱ्या वर्षात बसता येतं. ते धरायला लावणं हा माझा शनिवारचा उद्योग. एरवी मी एसीची डिझाइनं करते. पाच दिवस ऑफिसात लोकांवर ओरडून माझं भागत नाही म्हणून मी हे सुरू केलं, असं नवऱ्याचं म्हणणं आहे.

माझी एक चेकलिस्ट आहे, तेवीस कलमांची. तिचा मला फार अभिमान होता. ‘होता’ हे मुद्दाम लिहिलंय.

ती मुलगी पहिल्यांदा आली तेव्हा तिचे वडीलही बरोबर आले. सोलापूरकडच्या पॉलिटेक्निकमधून तिने मेकॅनिकलचा डिप्लोमा केला होता आणि इथे एका कॉन्ट्रॅक्टिंग कंपनीत ती एसीच्या डक्टची ड्रॉइंगं काढायची. त्यांवर सही करणाऱ्या इंजिनिअरच्या चुकाही तीच दुरुस्त करायची, गुपचूप. दुपारी चारला सोडायचं तिच्या मॅनेजरने कबूल केलं होतं, पण तो पुढच्या वर्षी जाणार होता. म्हणजे संध्याकाळच्या वर्गाला प्रवेश मिळाला तर याच सप्टेंबरला, नाहीतर डिग्रीचा विषय खलास.

आईवडील मराठी जेवणाचे डबे करायचे. वडील खुर्चीच्या टोकावर बसले होते. त्यांनी एकच प्रश्न विचारला, “मॅडम, मी काय करू?”

त्यांच्या करण्यासारखं काहीच नव्हतं. पण बापाला रिकाम्या हाताने कसं पाठवायचं, म्हणून मी म्हणाले, “ओरिजिनल डिप्लोमा जपा. त्याला काही होता कामा नये.”

हे वाक्य मी सगळ्याच पालकांना ऐकवते. बाकीचे घरी जाऊन कागद कपाटात ठेवतात. यांच्या घरी मेनूकार्डासाठी घेतलेलं लॅमिनेशनचं मशीन होतं. मेनूकार्डं झाल्यावर त्यांनी पार्किंगचा पास लॅमिनेट केला, फ्रिजचं वॉरंटी कार्ड केलं, मुलीचं चौथीतल्या चित्रकला स्पर्धेचं सर्टिफिकेट केलं. आता तर साक्षात मॅडमची आज्ञा होती.

अर्जाची मुदत गुरुवारी संपत होती. डिप्लोमा खरा असल्याचे भारतातले शिक्के आधीच त्याच्या पाठीमागे बसले होते, इथला शेवटचा तेवढा राहिला होता. सोमवारी ती मुलगी टायपिंग सेंटरमध्ये गेली. सरकारी अर्ज भरून देणाऱ्या तिथल्या माणसाने तो चकचकीत कागद उलटसुलट केला आणि म्हणाला, “लॅमिनेशन है, सिस्टर. इसके ऊपर स्टॅम्प नहीं लगेगा.” नवीन प्रत मागवायची तर काही महिने, मग सगळे शिक्के पहिल्यापासून. तिने तिथूनच मला फोन केला. “काकू,” एवढंच म्हणाली आणि रडायला लागली.

संध्याकाळी डबे आटोपून वडील तिला घेऊन माझ्याकडे आले. तोपर्यंत मी चांगली तापले होते. दारातच सुरुवात केली. “अहो, लॅमिनेट करायला तुम्हाला सांगितलं कुणी?”

“तुम्ही म्हणाला होतात, त्याला काही होता कामा नये,” ते म्हणाले. त्यात टोमणा नव्हता. त्यांनी खरंच तेवढंच केलं होतं.

मग पाणी पिऊन त्यांनी सांगितलं. त्यांनी आयटीआय केलं होतं, एसीचंच. ते इथे आले तेव्हा सर्टिफिकेट गावी ट्रंकेत राहिलं आणि त्याला वाळवी लागली. कागद नाही म्हणून कंपनीने हेल्पर म्हणून घेतलं. अकरा वर्षं ते हेल्परच राहिले. ज्यांना त्यांनी काम शिकवलं ते टेक्निशियन झाले. शेवटी नोकरी सोडून बायकोच्या डब्यांना हातभार लावला. “म्हटलं, हिच्या कागदाला वाळवी नको,” ते म्हणाले.

मला लाज वाटली. तेवीस कलमं लिहिणाऱ्या बाईला लॅमिनेशन सुचलं नव्हतं, आणि ओरडत होते मी त्यांच्यावर.

आतून माझा मुलगा हेअर ड्रायर घेऊन आला आणि म्हणाला, “आई, डोन्ट शाउट अॅट हिम. इट्स अॅक्च्युअली सो स्वीट.” त्याला मी आत पिटाळलं, ड्रायर ठेवून घेतला; गरम हवेने प्लास्टिक सुटलं तर सुटलं.

मी कोपरा धरून बघितला तर बोट भाजलं. वडील म्हणाले, “द्या इकडे, मॅडम.” मुलीने ड्रायर धरला आणि ते प्लास्टिक उचलू लागले. रोज शेकडो पोळ्या तव्यावर उलटणारी ती बोटं. गरम प्लास्टिकला दचकली नाहीत, घाईही केली नाही. भारतातल्या शिक्क्यांशी आले तेव्हा मुलीने डोळे मिटून घेतले. मी मोठ्याने “इन्शाल्ला” म्हणाले, आणि लगेच गणपतीलाही सांगून ठेवलं. पाऊण तास लागला. खालची किनार थोडी प्लास्टिकबरोबर गेली. तिचं नाव राहिलं, शिक्के राहिले. त्यांनी कागद मुलीच्या हातात दिला आणि बेसिनशी जाऊन खूप वेळ तोंड धुतलं.

बुधवारी इथला शिक्का बसला. गुरुवारी दुपारी अर्ज गेला. ऑगस्टमध्ये ईमेल आला: थेट दुसरं वर्ष.

माझ्या चेकलिस्टला आता चोविसावं कलम आहे.

ईमेल आल्याच्या संध्याकाळी वडील आले. एका हातात पुरणपोळ्यांचा डबा आणि दुसऱ्या हातात लॅमिनेशनचं मशीन, वायर नीट गुंडाळून बांधलेली.

“हे ठेवा तुमच्याकडे,” ते म्हणाले. “डिग्री हातात आली की माझा माझ्यावर भरवसा नाही.”

मशीन माझ्या कपाटावर आहे. मुलीच्या डिग्रीची अजून दोन वर्षं बाकी आहेत. डबा द्यायला आले की ते आधी कपाटावर बघतात, मग हलक्या आवाजात विचारतात, “आहे ना?”

“आहे,” मी सांगते. मग ते निश्चिंत होऊन खाली जातात.